बॉयलरसाहेबाच्या बंदुका

१३ मे १९७५, मंगळवार

पेटी आली. म्हणजे मुंबईच्या गोदीत आली आणि तिथंच अडली. कस्टम्सचा कागद दुपारी दुकानावर मिळाला. 'पेटीत शस्त्रे आढळली असून मालकाने समक्ष हजर राहून खुलासा करावा.' शस्त्रे म्हणे. छऱ्याच्या बंदुका आहेत त्या. पत्र्याच्या डब्याला पोचा पाडतील, फार तर जत्रेतला फुगा फोडतील.

बॉयलरसाहेबाचं खरं नाव मिलमध्ये कुणाच्या तोंडात बसलंच नाही. बॉयलर सांभाळणारा इंग्रज इंजिनियर, म्हणून बॉयलरसाहेब. आमच्या दुकानातून मिलला वजनकाटे जात, आणि ते तपासायला वडील मला पाठवत. साहेबाच्या बंगल्यामागं लिंबाला टांगलेली झाकणं मी तिथं पहिल्यांदा फोडली. स्वातंत्र्य आलं तसा तो विलायतेला गेला, पण दर नाताळाला कार्ड यायचं. या थंडीत तो वारला. मुलीनं कळवलं, बाबांनी जमवलेल्यातल्या सहा जुन्या बंदुका सोलापूरच्या महादेवप्पाला पाठवा, असं ते सांगून गेले.

वाचून मला रडू आलं होतं. इतक्या लांबून, इतक्या वर्षांनी कुणी आपली आठवण ठेवतं.

बायकोला, दाक्षायणीला, आजचा कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "घरात तीन आहेत. त्यात आणखी सहा? साकु री, साकु." पुरे म्हणायला ती कन्नडवर आली की समजावं, खरंच कंटाळली आहे.

संध्याकाळी कोंडीबा आला. मिलमधला फिटर, युनियनचा माणूस, सांगोल्याकडचा धनगर. दर रविवारी आमच्या गच्चीवर माझ्याबरोबर नेम धरणारा तो एकटाच. बंदुकीच्या आतले चामड्याचे वाशेर तोच कापून देतो. दुकानाच्या पायरीवर बसून म्हणाला, "आप्पा, सा बंदुका आल्या की आपुन सोलापूर काबीज करू की!"

शेजारच्या दोरखंडाच्या दुकानातून निंगप्पा ओरडला, "मला सेनापती करा मग."

सगळे हसलो. मंगळवार पेठेत एवढा मोकळा हसणारा दुसरा नाही.

२१ मे, मुंबई

ओळखीच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर उतरलो आहे. गोदीतून माल सोडवणारा एजंट त्यांनीच गाठून दिला. आत शिरण्याआधी तो म्हणाला, "शेठ, आतमधे तुम्ही काही बोलू नका. बोलायचे पैसे मी घेतो."

मोठं पत्र्याचं गोदाम, आत भट्टीसारखं गरम. हमालानं पहारीनं पेटीची फळी उचकटली आणि भुशातून तेलाचा वास आला. तोच वास, बंगल्यातला. एकेक बाहेर निघाली. बर्मिंगहॅमची १९०६ सालची, खालच्या दांडीनं ताणायची. जर्मन बनावटीची, नळी मोडून भरायची. एक पिस्तूल, दोन पोरांच्या हलक्या बंदुका. आणि एक चालायची काठी.

किंमत ठरवणारा अधिकारी चष्म्यावरून बघत होता. एजंट म्हणाला, "जुना माल, साहेब. भंगार." अधिकारी तसंच लिहायला लागला.

आता हे ऐकून गप्प कसं बसायचं? म्हटलं, "भंगार कसं म्हणता? अशा बंदुका आता जगात मोजक्या उरल्यात. शौकीन लोक यांच्यासाठी जीव टाकतात." एजंटनं माझ्या पायावर पाय दिला. तोवर अधिकाऱ्यानं लिहिलेलं खोडलं होतं.

मग त्यानं काठी बाजूला ठेवली. म्हणाला, "म्हाताऱ्याची काठी पण पाठवली वाटतं." म्हटलं, "अहो, ती तर सगळ्यांत भारी!" मी तिची मूठ फिरवून काढली, आतली पितळी झडप दाखवली. पंपानं हवा भरायची, गोळी घालायची, आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस फिरायला चाललाय. शंभर वर्षांपूर्वीची कारागिरी! अधिकारी बराच वेळ काठीकडे बघत राहिला. मग त्यानं आणखी एकाला बोलावलं.

बाहेर आल्यावर एजंट कपाळाला हात लावून बसला. "शेठ, तो तिला काठी म्हणून सोडत होता."

पण तिला नुसती काठी म्हणवून घ्यायचं, हे मला पटलं नसतं.

२३ मे, मुंबई

आज बंदुकांची परीक्षा झाली. आंब्याच्या लाकडाची जाड फळी उभी करून जवळून छर्रा मारायचा. आरपार गेला तर ते हत्यार, नाही गेला तर परवान्याची गरज नाही. पाचही बंदुकांचे छर्रे फळीत रुतून बसले. काठीची गोळी फळी फोडून मागच्या पोत्यात गेली. शंभर वर्षांची म्हातारी! मला टाळी वाजवावीशी वाटली.

काठी जप्त झाली. बाकी पाच दिल्लीहून आयातीची परवानगी आली की सुटतील. शिवाय 'छुपे शस्त्र मागवणारा इसम' म्हणून माझी सोलापुरात चौकशी होणार आहे. होऊ दे. लपवण्यासारखं काय आहे माझ्याकडे?

२७ जून

काल रेडिओवर आणीबाणी जाहीर झाल्याचं सांगितलं. पेठेत आज कुणी मोठ्यानं बोलत नाही. एजंटला पत्र टाकलं, यामुळे दिल्लीचं काम लांबेल काय ते कळवा.

२९ जून, रविवार

कोंडीबा आला, पण नेम धरायला नाही. मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला आणि उभाच राहिला. युनियनच्या दोघांना पहाटे घरातून उचललं. पुढचं नाव याचंच आहे म्हणतात.

"भनीकडं जातो जेऊरला. दाजींची मेंढरं हायती, त्यातच ऱ्हातो. घरवाली गोजा हितंच ऱ्हाईल. वैनी, तिच्याकडं जरा बघा."

दाक्षायणीनं भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. तो म्हणाला, "आप्पा, कुनाला बोलू नगा."

"मी कुणाला बोलणार?"

तो गेल्यावर दाक्षायणी म्हणाली, "तुम्ही बोलता. बोलता बोलता बोलून जाता." मला राग आला. बायकोनं नवऱ्याला एवढं तरी ओळखावं.

१६ जुलै

चौकशीचे साहेब आले. साध्या कपड्यातले, शांत, पन्नाशीचे. मुंबईचा अहवाल त्यांच्या हातात होता. मी घाबरलो होतो, पण त्यांनी दरडावलं नाही. म्हणाले, "आधी बंदुका तर दाखवा." घरातल्या तिन्ही काढल्या. त्यांनी त्यातली एक अशी उचलली की कळलं, माणूस जाणकार आहे. कॉलेजात असताना नेमबाजी केली होती म्हणाले. गच्चीवर गेलो. तीन झाकणांतली दोन त्यांनी पाडली.

"अहो, मुंबईवाल्यांना शौक काय कळणार," ते म्हणाले. "मी लिहितो तुमच्यासाठी."

कोंडीबा गेल्यापासून पहिल्यांदा बंदुकीवर मनासारखं बोललो. दाक्षायणी बाहेर आली नाही. चहासुद्धा मलाच आणावा लागला. साहेब गेल्यावर म्हणाली, "त्या माणसाची नजर बंदुकीवर नव्हती. घरभर फिरत होती." तिला काय कळतं यातलं.

२७ जुलै, रविवार

साहेब आपणहून आले. शिफारस गेली म्हणाले. मग गच्चीवर बसलो.

बोलता बोलता म्हणाले, "सोलापुरात सगळ्यांत चांगला नेम कुणाचा?" म्हटलं, "कोंडीबाचा." नाव लपवण्यात अर्थ नव्हता, पेठेला माहीतच आहे. ते म्हणाले, "हो, ऐकलंय. जेऊरला त्याची बहीण असते ना? अक्कलकोटकडच्या जेऊरला आमची माणसं जाऊन आली. तिथं तर कुणी धनगर नाही म्हणतात."

मी सावध झालो. जिल्ह्यात जेऊर दोन. एक अक्कलकोटकडचं, एक करमाळ्याकडचं. मी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. नुसता छर्रा भरत बसलो. दाक्षायणीनं बघायला हवं होतं.

त्यांनीही विषय सोडला. मग बंदुकांवरच आलो. ही फार वाजते म्हणाले. म्हटलं, वाशेर वाळलाय. त्यावरून गेल्या वर्षीची गंमत सांगितली. कोंडीबा बहिणीकडे माझी बंदूक घेऊन गेला होता. बंदूक वाजली तर मेंढरं कान हलवत नाहीत, पण मेलगाडी धडधडत गेली की सगळा कळप उधळतो, आणि दाजी काठी घेऊन रुळापर्यंत धावतात. मेंढरांना बंदुकीपेक्षा रेल्वेची भीती! साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसलो. किती दिवसांनी.

काम आठवलं म्हणून ते लवकर गेले. भरलेली बंदूक तशीच राहिली.

३१ जुलै

कोंडीबाला पकडलं. गोजाबाई, त्याची बायको, धावत आली आणि उंबऱ्यातच बसली. जेऊर स्टेशनपलीकडच्या माळावर, मेंढरांतच होता. दाजींनाही मारलं.

मी तसाच साहेबांकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. "वरून हुकूम असतो हो. माझ्या हातात असतं तर? पण बघतो." निघताना म्हणाले, "तुमचं दिल्लीचं काम होत आलंय." अशा वेळीही त्यांना माझं काम आठवलं.

घरी दाक्षायणीनं विचारलं, "ते जेऊर कुठलं, हे त्यांना कुणी सांगितलं?"

"तेच मीही विचार करतोय," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग पीठ मळायला बसली.

३ ऑगस्ट

विचार करून करून ध्यानात आलं. निंगप्पा! मेंढरं कोंडायची वाघूर विणायला कोंडीबानं दाजींसाठी दोर निंगप्पाकडूनच नेला होता, आणि तो रेल्वेनं जेऊरला पाठवला होता. म्हणजे निंगप्पाला गाव पक्कं ठाऊक. शिवाय कोंडीबा निघाला त्या रविवारी सकाळी तो दुकान उघडत होता, त्यानं त्याला बोळातून जाताना बघितलं असणार. वर सेनापती करा म्हणून चेष्टा.

गोजाबाईला सांगितलं. तिला कळायलाच हवं.

दाक्षायणी मध्ये पडली. "ब्याड री. नका बोलू. खात्री आहे तुमची?" म्हटलं, "खात्री असल्याशिवाय मी बोलतो का?"

५ ऑगस्ट

गोजाबाईनं भर पेठेत निंगप्पाच्या दुकानापुढं पदर पसरून त्याला शिव्याशाप दिले. "माझं कुक्कू पुसायला निगालास. तुज्या घरात दिवा लागनार न्हाय." निंगप्पा हातात दोराचं भेंडोळं घेऊन उभा होता. गर्दीतल्या कुणीतरी दगड मारला, त्याच्या भुवईवर लागला.

दुपारी तो माझ्याकडे आला. जखमेवर हळद होती. "आप्पा, वीस वर्षं शेजारी आहे. तुम्ही तरी सांगा त्यांना, हे माझं काम नव्हे म्हणून."

मी म्हटलं, "कोण बोललं ते ज्याचं त्याला माहीत."

तो खाली मान घालून गेला. मला वाईट वाटलं, पण खऱ्याला खरं म्हणायला हवं.

३० सप्टेंबर

निंगप्पानं दुकान बंद केलं. मिलवाले आणि विणकर त्याच्याकडचा दोर घेईनासे झाले होते. बायको सुंदरम्मा आणि पोरंबाळं घेऊन तो वैरागला गेला. सामान बैलगाडीत चढवताना पेठेतला एकहीजण हात लावायला गेला नाही. दाक्षायणी गेली. तिनं त्यांची गाठोडी उचलून दिली. लोक बघत होते. मला खाली बघावं लागलं.

१२ नोव्हेंबर

बंदुका आल्या! दिल्लीची परवानगी इतक्या लवकर कुणालाच मिळत नाही, असं एजंटनं लिहिलं आहे. साहेबांची कृपा. पेटी दिवाणखान्यात उघडली. एकेक पुसून, तेल लावून भिंतीवर टांगली. दस्त्यांवर बॉयलरसाहेबाच्या गालानं काळा झालेला डाग तसाच आहे.

साहेब बघायला आले. १९०६ सालच्या बंदुकीवरून त्यांचा हात निघेना. म्हटलं, "घेऊन जा, तुमच्याशिवाय सुटल्या नसत्या." त्यांनी दोनदा नको म्हटलं, मग घेतली.

सगळ्यात सुंदर होती ती. पण देणं योग्यच होतं.

१५ जानेवारी १९७६

गड्ड्याची जत्रा. फुगे फोडायच्या पालापुढं उभा राहिलो. हातात बंदूक घेतली, पाचातले पाच फुटले. शेजारी कुणी 'वा आप्पा' म्हणायला नव्हतं. परत आलो.

घरच्या बंदुका पेटी आल्यापासून तशाच टांगलेल्या आहेत. एकट्यानं गच्चीवर जावंसं वाटत नाही.

९ मे

गोजाबाई तुरुंगात भेटून आली. दाक्षायणी दर आठवड्याला तिच्याकडे ज्वारी-डाळ घेऊन जाते, तिच्याकडून कळलं. कोंडीबाचे पाय सुजलेत. लघवीचा काही आजार म्हणतात. तोंडावरही सूज आहे. पॅरोलचा अर्ज फेटाळला.

माझ्याविषयी काही म्हणाला का, असं विचारलं. दाक्षायणी म्हणाली, "वाशेर वाळू देऊ नका म्हणाला. एरंडेल लावा म्हणाला." मला बरं वाटलं. ती मात्र हे सांगून परसात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

साहेबांना पुन्हा भेटलो. बघतो म्हणाले.

२६ ऑगस्ट

कोंडीबाला तुरुंगातून दवाखान्यात हलवलं.

२१ ऑक्टोबर १९७६

कोंडीबा गेला.

२४ ऑक्टोबर

सांगोल्याकडे, त्याच्या गावीच, माती दिली. आम्ही दोघं गेलो होतो. सुजून ओळखू येत नव्हता. गोजाबाई रडली नाही. माती टाकून झाल्यावर ती म्हणाली, "निंगप्पाला कळवा कुनीतरी. त्याला ग्वाड वाटंल." दाक्षायणी एकदम खाली बसली. उन्हामुळे घेरी आली असावी. तिला सावलीत नेलं.

परतताना एस्टीत तिनं माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर तोंड ठेवलं. सोलापूर येईपर्यंत.

१७ फेब्रुवारी १९७७

लिहिल्याशिवाय बसवत नाही.

साहेब निरोप घ्यायला आले होते. निवडणुका लागल्या, बदली झाली, नागपूरकडे. पेढ्यांचा पुडा आणला होता. बंदूक नीट गुंडाळून सोबत नेतोय म्हणाले. मग सहज, चहा पिता पिता म्हणाले, "तुमची आठवण राहील, महादेवप्पा. त्या धनगराच्या वेळी तुम्ही ती मेंढरांची आणि मेलगाडीची गोष्ट सांगितली नसती, तर आम्ही दिवाळीपर्यंत अक्कलकोटचे माळ तुडवत बसलो असतो."

मी म्हटलं, "मी गावाचं नाव घेतलं नव्हतं."

"नाव कशाला लागतं? रुळाच्या कडेचं जेऊर एकच," ते म्हणाले. वाईट हेतूनं म्हणाले नाहीत. उपकार मानल्यासारखं म्हणाले. हात जोडले आणि गेले.

मी खुर्चीतच बसून होतो. दाक्षायणी कपबश्या उचलायला आली. तिला म्हटलं, "तू ऐकलंस?"

"हौदु." हो म्हणाली.

"तुला आधी माहीत होतं?"

"त्या रविवारी मी जिन्यात होते. चहा घेऊन वर येत होते. तुम्ही मेंढरांचं सांगत होता, तो माणूस हसत होता. मी चहा घेऊन खाली आले."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती कपबश्या हातात धरून उभी होती. "आधी वाटलं, तुम्हाला आपलं आपल्याला कळेल. मग तुम्ही निंगप्पाचं नाव घेतलंत. तेव्हा वाटलं, माहीत असून घेताय. असल्या माणसाला काय सांगायचं? आणि पुढं कळलं, की तुम्हाला खरंच माहीत नाही. ते तर आणखी भयंकर होतं." मग म्हणाली, "निंगप्पाचं मी बोलायला हवं होतं. नवऱ्याला पेठ दगड मारेल म्हणून गप्प बसले. दुसऱ्याच्या नवऱ्याला मारला तो चालला मला."

पेढ्यांचा पुडा तिनं गाईला घातला.

१९ फेब्रुवारी

भिंतीवरच्या बंदुका काढून पोत्यात बांधल्या. कुणाला द्याव्यात, सुचत नाही.

२० फेब्रुवारी

गोजाबाईकडे गेलो. विड्या वळत होती. समोर उभा राहून सगळं सांगितलं. साहेब, गच्ची, मेंढरं, मेलगाडी. निंगप्पाचं नाव मी कसं घेतलं ते. माझी वाक्यं लांबत होती. मी मुद्दाम नाही केलं, असं मध्येच म्हणालो, तेव्हा तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

मला वाटलं, ती मारेल. मारलं असतं तर बरं होतं. तिनं सूप बाजूला सारलं, हात पुसले.

"त्या मानसाला म्या दिवा लागनार न्हाय म्हनलं. दगूड बसला त्याला माज्यापायी," ती म्हणाली. "उद्या वैरागला चला. हे तितं बोला. माज्यासमोर."

२१ फेब्रुवारी, सोमवार

वैरागला जाऊन आलो.

एस्टीत गोजाबाई पुढं बायकांत बसली. निंगप्पाचं घर विचारत गेलो. बाजाराच्या मागं, पत्र्याच्या आडोशाला तो दोर वळत होता. दुकान नाही. दुसऱ्याच्या मजुरीवर वळतो. केस पार पांढरे झालेत. भुवईवर व्रण आहे. आम्हाला बघून त्यानं आधी घराकडे बघितलं. पुन्हा काही भांडण आलं की काय, असं.

गोजाबाई त्याच्या पायांवर पडली. तो गडबडून मागं सरला. "अहो, वहिनी, हे काय? उठा, उठा." सुंदरम्मा दारात आली.

मग मी बोललो. या वेळी थोडक्यात बोललो. कोंडीबाचा ठावठिकाणा माझ्या तोंडून गेला. निंगप्पानं काही केलं नव्हतं. त्याचं नाव मी घेतलं.

सुंदरम्मानं उंबऱ्याला टेकून डोळे मिटले. निंगप्पाच्या हातातला दोर तसाच ताणलेला होता. तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्यानं गोजाबाईला विचारलं, "कोंडीबा शेवटपर्यंत मलाच समजत होता काय?"

"म्याच त्यास्नी तुमचं नाव सांगितलं हुतं, तुरुंगात," ती म्हणाली. "तर म्हनाले, निंगप्पा तसा न्हाय. म्या इचारलं, मग कोन? तर गप बसले. किती येळा इचारलं. म्हनाले, कुनी न्हाय, माजंच नशीब. आन् तेवड्यात त्यांनी वाशेरचं काढलं."

म्हणजे त्याला कळलं होतं. पकडल्या दिवसापासून कळलं असेल. बायकोलासुद्धा सांगितलं नाही त्यानं.

निंगप्पानं दोर सोडला. तो जमिनीवर बसला आणि तोंड ओंजळीत घेऊन मोठ्यानं रडायला लागला. एवढा मोठा माणूस, लहान पोरासारखा. "निंगप्पा तसा नाही म्हणाला," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. गोजाबाई त्याच्यासमोर बसली आणि तीही रडली. तिकडं माती देताना जी रडली नव्हती ती इथं रडली. सुंदरम्मानं पाण्याचा तांब्या आणून दोघांच्या मध्ये ठेवला.

मला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. बराच वेळ मी उन्हात उभा होतो. मग निंगप्पाला हाक मारली. म्हटलं, पेठेत जाऊन मी सगळ्यांपुढं सांगतो, तू परत ये. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. गोजाबाई एवढंच म्हणाली, "तुमी जावा. म्या आज हितंच ऱ्हाते."

सुंदरम्मा तिला हाताला धरून आत घेऊन गेली. निंगप्पा पाठोपाठ गेला. दार लोटलं गेलं, हळू, आवाज न करता.